एक्केचाळिसावा निरोप

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आले बाई एकदाची! चिखली, सी विंग, पाचवा मजला, पाचशे तीन. भाड्याचं का असेना, किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि बाल्कनीतून दिसणारे पत्र्याचे शेड, त्यांच्यामागे अजून पत्र्याचे शेड. टेम्पोवाला सामान खाली टाकून पसार झाला. गॅसची शेगडी मी एकटीनं वर आणली. कंबर कुरकुर करतेय, पण मूड झकास आहे.

ही डायरी मिनलनं दिली. मिनल म्हणजे नव्या कंपनीत माझ्या शेजारच्या स्टेशनवर बसणारी. राजगुरुनगरहून येते, बडबडीत माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. तिला कंपनीच्या दोन डायऱ्या मिळाल्या. म्हणाली, एकटी राहणारेस, भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा लिहीत जा.

तर लिहिते. मी आम्रपाली, वय छत्तीस, लग्न नाही, चौकशी करणाऱ्यांना लांबूनच जय भीम. सोमवारपासून चाकणच्या गिअरबॉक्सच्या कंपनीत लागले. लोक हातानं काम करतात, मी कानानं करते. आवाजबंद खोलीत बसायचं, प्रत्येक गिअरबॉक्स फिरवून ऐकायचा आणि हिरवं नाहीतर लाल लेबल मारायचं. शिफ्ट सुरू झाली की आधी ‘मास्टर’ ऐकायचा. मास्टर म्हणजे निर्दोष ठरवून ठेवलेला एक गिअरबॉक्स. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचा न्याय करायचा. मोबाईल मात्र गेटवरच्या लॉकरमध्ये. ही अट जुन्या भोसरीच्या कंपनीतही होती. मला ती नको तितकी माहीत आहे.

महिनाभर सेकंड शिफ्ट आहे, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. सुट्टी गुरुवारी, जेव्हा बाकीचं जग कामावर असतं. आमच्या मजल्यावर चार दारं आणि तीन कुलपं. इतकी शांतता की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. पण मला बरं वाटलं. पिंपरीच्या घरात माझा भाऊ सनी, वहिनी, दोन पोरं आणि टीव्ही. वहिनी वाईट नाही. पण बाबांच्या खाटेच्या जागी तिनं शिलाई मशीन ठेवलं, त्या दिवसापासून मी भाड्याची घरं बघायला लागले.

वॉचमन सोपानराव इथल्या जुन्या गावातले. न विचारताच आधीच्या भाडेकरूची कुंडली मांडली. शालनबाई नावाची एकटी बाई राहायची म्हणे, पण घरात एक सबूद बोलायची न्हाई. फोन आला की लिफ्टनं खाली, हितं गेटापाशी बोलायचं आन् परत वर. मी म्हटलं, रेंज नसेल घरात. तर म्हणाले, रेंज ब्येस हाय की. मला हसू आलं. एकेक नमुने असतात.

शनिवार, ११ जानेवारी

आज सकाळी बाबांचे हेडफोन खोक्यातून काढले.

बाबांचे म्हणजे मीच त्यांच्यासाठी आणलेले. बाबांचं नाव किसन. परभणीकडून पिंपरीला आले आणि तीस वर्षं प्रेसशॉपला, पत्रे ठोकायच्या खात्यात, राबले. दिवसभर धडाड धडाड, कानात कापसाचा बोळा. चाळिशीतच कान गेले. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, नव्या माणसाला वाटायचं भांडण लागलंय. बाबांनी हाक मारली की ‘ओ’ देऊन उपयोग नाही, म्हणून आमची पद्धत वेगळी होती. फरशीवर दोनदा पाय आपटायचा. त्यांच्या तळपायाला हादरा लागायचा आणि ते वळून बघायचे. खालचे लोक वैतागायचे, पण बाबा कधी चुकले नाहीत.

कानाचं मशीन त्यांना सोसायचं नाही. शिट्ट्या मारायचं, कान दुखवायचं. एकदा ते पिठाच्या डब्यात सापडलं. मग मी हे प्लेनर मॅग्नेटिक आणले. किंमत सांगितली असती तर बाबांनी मलाच घराबाहेर काढलं असतं. साध्या हेडफोनमध्ये छोटासा कोन थरथरतो. यात तळहाताएवढा पडदा आहे, सायीहून पातळ, चुंबकांच्या मध्ये ताणलेला, आणि तो सगळाच्या सगळा एकदम हलतो. बाहेरच्या बाजूला नुसती जाळी, पाठ उघडी. त्यामुळे हवा खेळते, कान शिजत नाहीत. खोट एकच. आतलं बाहेर ऐकू जातं आणि बाहेरचं आत येतं. बसमध्ये घातले तर शेजाऱ्याला फुकट मैफल. एकट्या माणसानं एकट्या खोलीत घालायची चीज आहे ही.

पण आवाज! बासरीवाला फुंकण्याआधी श्वास घेतो तो ऐकू येतो. तबल्यावर थाप कुठं पडली ते बोटानं दाखवता येतं. गाणं डोक्यात घुसत नाही, खोलीत समोर मांडून ठेवल्यासारखं असतं. वजन पाऊण शेर तरी असेल, पण डोक्यावरचा कातडी पट्टा ते वाटून घेतो, आणि मखमली गाद्या कानाला शिवतही नाहीत, कानाभोवती बसतात. दहा मिनिटांत विसरायला होतं. आज मी तशीच चहा टाकायला उठले आणि वायरीनं मागे ओढलं. वेंधळी ती वेंधळीच!

बाबांनी पहिल्यांदा घातले तेव्हा आवाज शेवटपर्यंत चढवावा लागला. बासरी ऐकून ढसाढसा रडले. मग मी त्यांचाच एक निरोप लावला, तर म्हणाले, मी येवढा बोंबलून बोलतो व्हय गं?

निरोप म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे बोलके मेसेज. टाइप करणं त्यांना जमायचं नाही आणि माझं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून ते बोलायचे आणि मी लिहायची. त्यांच्या फोनमधले गेले, माझ्याकडे एक्केचाळीस आहेत. बाबांचा आवाज जगात तेवढाच उरलाय.

चाळीस मी ऐकलेत. चाळिसावा गेल्या मेमधला, दुपारच्या चहाच्या ब्रेकमध्ये लॉकर उघडून ऐकला होता. “आम्रे, छातीची गोळी सापडंना गं, कुठं ठेवलीस?” ब्रेक संपत आला होता. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. फ्रिजवरच्या डब्यात होती. आठच अक्षरं टाइप करायची होती, पण मी फोन आत टाकला आणि पळाले. एक्केचाळिसावा त्यानंतर वीस मिनिटांनी आला. सहा वाजता बाबा गेले. तो मी आजपर्यंत ऐकला नाही. त्याच्यासमोरचं माईकचं चिन्ह अजून हिरवं आहे, ऐकलं की निळं होतं. बाबांनी मला बोल लावला असेल का? तेवढं एक कळायला हवं, आणि तेवढंच ऐकायची हिंमत नाही. कधीतरी ऐकीन. नीट, शांतपणे, त्यांच्याच हेडफोनवर.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मिनलनं तिळगूळ दिला. म्हणाली, आता तरी गोड बोल. मी काय कडू बोलते का!

सकाळी दहाला बासरी लावली होती. ऊन खोलीभर पसरलेलं. मध्येच कळलं, कुणीतरी सोबत गुणगुणतंय. डाव्या बाजूला, जरा मागे, अर्धी मात्रा उशिरा. आधी वाटलं रेकॉर्डिंगमध्येच आहे. मग वाटलं वरच्या मजल्यावरून येतंय, उघड्या पाठीचे हेडफोन, काहीही आत येतं. काढून हातात धरले. जाळीतून बारीक बासरी येत होती आणि बाकी सगळं गप्प. परत घातले. पुन्हा अर्धी मात्रा मागे, गाणं नवीन असल्यासारखं चाचपडत.

सोपानरावांना विचारलं, वर कोण राहतं. म्हणाले, वरचा मजला अजून कोराच हाय, टाइल बी बसवली न्हाई.

असेल कुठला तरी पाइप. माझा कान फार तिखट आहे, त्याचाही त्रासच.

गुरुवार, १६ जानेवारी

सुट्टी. मिनलनं घरी बोलावलं होतं, तिच्या आईनं मासवडी केली होती. मी नाही गेले. खरं कारण लिहूनच टाकते. काल सकाळी बाबांचा तिसरा निरोप लावला, “जय भीम आम्रे, जेवलीस का?” तो संपला, मी हेडफोन काढून उशीवर ठेवले, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणालं, जेवलीस का.

घाबरले नाही. शपथ! घाबरायला हवं होतं बहुतेक. पण आठ महिन्यांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. वहिनी विचारायची, पण ती पातेलं घासायला घ्यायचं म्हणून. मी ओट्याशी उभी राहून पोळी खाल्ली आणि रडले. आज दिवसभर वाट बघितली, काहीच नाही. मासवडीही गेली.

शनिवार, १८ जानेवारी

तिसरा निरोप बिघडलाय.

लांबी तेवढीच आहे, नऊ सेकंद. मागे पंख्याची घरघर, कुकरची एक शिट्टी, खाली रस्त्यावर रिक्षा. सगळं जागच्या जागी आहे. फक्त बाबा नाहीत. लॅपटॉपवर घेऊन बघितलं. जिथं त्यांचं बोलणं होतं तिथं पंखा तेवढा सपाट चाललाय. तांदळातून खडे वेचावेत तसा आवाज वेचून काढलाय. पेन ड्राइव्हवरची प्रत लावली, तीही तशीच.

मी रोज सहाशे गिअरबॉक्स ऐकते. फाइल खराब झाली की खरखर येते, तुटतं, अडखळतं. हे बिघडणं नाही. कुणीतरी व्यवस्थित काम केलंय.

बसमध्ये कानात घालायच्या साध्या वायरीच्या बोंडांवर बारावा ऐकून बघितला. ठीक आहे. घरी परतल्यावर त्याच बोंडांवर पुन्हा तपासला, अजून ठीक आहे. म्हणजे बाहेर ऐकलं तर काही होत नाही. घरात, या हेडफोनवर, जाळीतून आवाज खोलीत सांडला की तो जातो.

सोमवार, २० जानेवारी

शहाण्या बाईनं काय केलं असतं? हेडफोन खोक्यात घातले असते आणि बाबांना बसमध्ये ऐकलं असतं. मीही तेच ठरवलं होतं. पण बोंडांवर बाबा डब्यात बसून बोलतात, मागून हॉर्न, पुढून ड्रायव्हरची गाणी. हेडफोनवर ते खोलीत असतात. खाटेवर बसलेले, डाव्या हातानं गुडघा चोळत. तो चोळण्याचा आवाजसुद्धा येतो.

आज दोन लावले. सातवा आणि आठवा. जाणूनबुजून लावले, स्वतःशी खोटं कशाला बोलू.

अंघोळीहून आले तेव्हा बाल्कनीच्या बाजूनं बाबा म्हणाले, “आम्रे, चहा घे.” असा निरोप मला कधीच आला नव्हता. ‘आम्रे’ एका निरोपातलं आणि ‘चहा घे’ दुसऱ्यातलं. सांधा ऐकू येतो मला. पण चहा घेतला. दोन कप केला.

मंगळवार, २१ जानेवारी

साउंड रूममध्ये मास्टर लावला आणि वाटलं, घरी माझा मास्टर रोज थोडा थोडा संपतोय. तोच संपला तर उद्या खरं-खोटं कशाशी ताडून बघू?

तीन गिअरबॉक्सना चुकीचं हिरवं लेबल लावलं. मिनलनं गुपचूप बदललं आणि विचारलं, झोपत नाहीस का गं. मी म्हटलं, घरी बाबा असतात ना. मग मी हसले, तीही हसली, पण तिला पटलं नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

दिवसभर बाहेर पडले नाही. अकरा निरोप दिले. ‘दिले’ असंच लिहून गेलं हातून.

आता ते सकाळपासून बोलतात. काय करायलीस. जेवलीस का. उन्हात जाऊ नको. स्वयंपाकघरात, दाराशी, कपाटामागे. मी कधीच उत्तर देत नाही. सवयीनं फोन घेऊन टाइप करते, आणि पाठवायचं कुणाला ते कळत नाही. या घरात आल्यापासून मी एक शब्दही मोठ्यानं बोलले नाहीये, हे आज लक्षात आलं. बोलायला होतंच कोण!

शेवटचा निरोप मी जपलाय. त्याला हात लावायचा नाही. बाकी गेले तरी चालतील. हे कसलं बोलणं, चालतील कसे?

शनिवार, २५ जानेवारी

निरोप दिला नाही की ते थकतात. शब्द विरळ होतात. दुपारी निघायच्या वेळी दाराशी फक्त एक शब्द आला, “अजून.”

तो विसाव्या निरोपातला आहे. “अजून आली न्हाईस? अंधार पडला.” त्यातला पहिलाच शब्द कापून घेतलाय. पुन्हा, “अजून.” पुन्हा. मी चपला हातात घेऊन पळाले.

खाली सोपानरावांना विचारलं, शालनबाईंचं काय झालं. त्यांनी बिडी विझवली. म्हणाले, तिचा नवरा वारला तवापास्नं ती हितं ऱ्हायची. एकदा मलाच म्हनली, बाबा, ह्या घरात बोललेलं घरच ठिवून घेतं, परत देत न्हाई. मला वाटलं बाईचं डोस्कं फिरलंय. मग एक दिवस भर दुपारची निघून गेली, पायात चप्पल न्हाई.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मी म्हटलं. हातातल्या चपला तेव्हा कुठं पायात घातल्या.

सोमवार, २७ जानेवारी

काल सव्वीस जानेवारी, खाली लाउडस्पीकर होता, म्हणून घर गप्प होतं. आज नाही.

ठरलं. गुरुवारी मिनलकडे राजगुरुनगरला जायचं. तिला सगळं नाही, अर्धंच सांगितलं. तिनं पुढचं विचारलं नाही, म्हणाली, बॅग घेऊन ये, आईच्या खोलीत झोप, काय ते नंतर बघू. हेडफोन सोबत घेणार. तिच्या घरी, तिच्या आईशेजारी बसून, एक्केचाळिसावा ऐकणार. बोल लावला असेल तर लावू दे. माझे बाबा आहेत, त्यांचा अधिकार आहे.

तोवर घरात काही लावायचं नाही. तसे शेवटचे दोनच उरलेत, बाकीचे सगळे शुक्रवारपासून देऊन बसले.

मंगळवार, २८ जानेवारी

काय करून बसले मी. काय करून बसले—

काल ओव्हरटाइम, पहाटे चारला आले. सकाळी दहाला जाग आली ती त्यांच्या कण्हण्यानं. खोकला, कण्हणं, अजून, अजून. मला बघवेना, म्हणजे ऐकवेना. चाळिसावा उरला होता. गोळीचा. म्हटलं तेवढा द्यावा, आणि संपताच थांबवावं. हेडफोन घातले. बोट स्क्रीनवर धरून बसले होते.

डोळा लागला.

ते कानावर आहेत हे कळतच नाही ना! साधे असते तर कान दुखला असता, घाम आला असता, मी जागी झाले असते. मखमली गाद्या. मी झोपले. आणि मध्ये दुसरा मेसेज नसला की एक निरोप संपल्यावर पुढचा आपोआप सुरू होतो. त्या दिवशी मी आठ अक्षरांचं उत्तर लिहिलं असतं, तर मध्ये ते असतं. तो तिथंच थांबला असता.

जाग आली तेव्हा उशी ओली. माईक निळा.

बावन्न सेकंद. पंखा. खाटेची करकर. लांब कुणाची तरी हाक. बाबा नाहीत.

मी ऐकलाय तो. माझ्या कानांनी, झोपेत. आणि मला एक शब्द आठवत नाही.

बुधवार, २९ जानेवारी

मिनलच्या घरून. आज रजा टाकली. तिची आई डोक्याला तेल लावतेय. इथं गोंगाट आहे, कुकर आहे, माणसं आहेत. बरं वाटायला हवं.

बावन्न सेकंद चाळीस वेळा ऐकले. काही नाही.

तो निरोप आता एकाच ठिकाणी आहे.

हेडफोन मी तिथंच उशीवर विसरलेय. मिनल म्हणते, जाऊ नकोस, आपण सनीभाऊंना पाठवू. सनी काय करणार? त्याला विचारलं, बाबा त्या दिवशी शेवटी काय म्हणाले. म्हणाला, मी कामावर होतो गं. सगळेच कामावर होतो.

गुरुवार, ३० जानेवारी, सकाळी अकरा

खोटं बोलून निघाले. कपडे आणते म्हटलं.

गेटापाशी उभी आहे. सोपानराव म्हणाले, वर कुनी पाव्हनं आल्यात का? सकाळधरनं म्हातारं मानूस हाका मारतंय, आम्रे आम्रे करून. तुमी हायत असं समजून मी वर न्हाई गेलो.

म्हणजे माझं डोकं फिरलेलं नाही.

इथूनही ऐकू येतंय. पाचव्या मजल्यावरून. “आम्रे, ऐक. गोळी—” आणि थांबतं. पुन्हा पहिल्यापासून. तेवढंच. पुढचं वर गेल्याशिवाय मिळणार नाही, हे मला कळतंय. सोपानराव म्हणतात, जाऊ नका. मलाही कळतंय.

पण ते पुढचं वाक्य माझं आहे.

सव्वाअकरा

आत. दार उघडंच ठेवलंय. ऊन आहे. हेडफोन उशीवर आहेत तसेच.

“आम्रे, ऐक. गोळी—”

स्वयंपाकघराच्या दाराआड. सांधे आता ऐकू येत नाहीत. गुडघा चोळल्याचा आवाजही आहे. माझा कान सांगतो, निर्दोष. हिरवं लेबल.

फोनवर टाइप केलं. बाबा, गोळी फ्रिजवरच्या डब्यात आहे. आठ महिने उशिरा. स्क्रीन दाराच्या दिशेनं धरली. काही नाही.

आमच्या पद्धतीनं ओ दिला. फरशीवर दोनदा पाय आपटला. जोरात. भांडी वाजली.

थांबले नाहीत. वळले नाहीत. “आम्रे, ऐक.” हादरा त्यांना लागलाच नाही. बाबा कधी चुकले नव्हते—

परत आपटला. टाच दुखावली. नाही.

ते उंबऱ्याशी आलेत. दिसत काही नाही. आवाज तेवढा जवळ.

रडू आलं. तोंडातून निघून गेलं, ओठांतल्या ओठांत, मलाही नीट ऐकू आलं नसेल इतकं हळू. या घरातला माझा पहिला शब्द. बाबा, तुम्हीच ना?

लगेच हो म्हणाले. तितक्याच हळू. कानाशी.

लगेच.

बाबांना ऐकू येत नव्हतं. तीस वर्षं प्रेसशॉपला— माझ्या बाबांना ऐकू—